विसरण्याचा फेरफार

यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबमध्ये एखाद्या वयस्कर माणसाला जुनी गोष्ट विचारून बघा. चिंतामणीच्या कुंडातलं पाणी चढून मूर्तीच्या पायांना लागलं तेव्हा गावात किती गर्दी लोटली होती, त्या वर्षी कापूस काय भावानं गेला, यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणाऱ्या शकुंतला रेल्वेत शेजारी कोण बसलं होतं, हे सगळं तो बारकाव्यानिशी सांगेल. मग विचारा, आज सकाळी बीपीची गोळी घेतली का? तिथं मात्र तो अडखळतो. सून म्हणते, ‘आबाजीले सोयीचं तेवढं बरोब्बर आठवते.’ घरच्यांना असा संशय येणं साहजिक आहे. पण बहुतेक वेळा तो आबाजींवर अन्याय करणारा असतो. जुनं आठवणं आणि नवं साठवणं ही मेंदूतली दोन निराळी कामं आहेत, आणि वय झालं की आधी डळमळतं ते दुसरं.

हे काम जिथं चालतं त्या भागाला हिप्पोकॅम्पस म्हणतात. कानाच्या पातळीला, मेंदूच्या आतल्या अंगाला, डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशा त्याच्या दोन वळ्या असतात. प्रत्येकीचं आकारमान जेमतेम तीन-साडेतीन घन सेंटीमीटर. तलाठ्याकडच्या फेरफार नोंदवहीसारखं हे काम आहे. नवा व्यवहार आधी फेरफारात चढतो, तो मंजूर झाला की मग सातबारावर येतो. फेरफाराची वही फाटली तरी जुने सातबारे शाबूत राहतात, फक्त नवी नोंद होत नाही. शकुंतला सातबारावर आहे. सकाळची गोळी फेरफारापर्यंतही पोचलेली नाही.

हे कळलं ते एका दुर्दैवी शस्त्रक्रियेमुळं. अमेरिकेत १९५३ साली हेन्री मोलेसन या सत्तावीस वर्षांच्या तरुणाला अपस्माराचे झटके असह्य झाले, म्हणून डॉक्टरांनी त्याच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढून टाकला. झटके कमी झाले, पण त्यानंतर घडलेली कोणतीही गोष्ट त्याच्या लक्षात राहीना. बालपण आठवायचं, भाषा ठीक होती, बुद्धी ठीक होती. मात्र ज्या ब्रेंडा मिल्नर अनेक वर्षं त्याच्या चाचण्या घेत होत्या, त्या त्याला दर वेळी नव्यानंच भेटायच्या. मिल्नर यांना आणखी एक गोष्ट दिसली. आरशात बघून आकृती गिरवायला त्याला शिकवलं तर दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला, जरी आपण हे आधी केलंय याची त्याला आठवण नसायची. हाताचं कसब मेंदूच्या दुसऱ्याच भागांत राहतं. नातवाचं नाव विसरलेली आजी भाकर मात्र अचूक गोल थापते, कापूस वेचताना तिचे हात अडत नाहीत, ते यामुळंच. आणि ‘कामं तर सगळी करते, मग तिला काय झालंय’ असं म्हणून घरचे वर्ष-दोन वर्षं घालवतात तेही यामुळंच.

आता ही वही किती फाटली आहे हे कवटी न उघडता बघता येतं का? एमआरआय आल्यापासून येतं. समोरून उभा छेद घेतलेल्या चित्रात हिप्पोकॅम्पस स्पष्ट दिसतो आणि त्याच्याभोवतीची पाण्याची पोकळी किती रुंदावली आहे तेही दिसतं. या आकसण्याला शून्य ते चार असे गुण देण्याची पद्धत नेदरलँड्सच्या फिलिप शेल्टेन्स यांनी १९९२ मध्ये मांडली, ती आजही रिपोर्टमध्ये वापरली जाते. तेच तेच लोक वर्षाच्या अंतरानं पुन्हा तपासले तेव्हा दिसलं की निरोगी वृद्धांचा हिप्पोकॅम्पस वर्षाला साधारण दीड टक्का आकसतो आणि अल्झायमर झालेल्यांचा चार टक्क्यांच्या आसपास. म्हणजे आकसणं सर्वांचंच होतं. फरक वेगाचा आहे, आणि वेग एका फोटोत दिसत नाही. सत्तरीच्या माणसाच्या रिपोर्टवर ‘वयानुसार मेंदू आकसलेला’ असं वाक्य वाचून जी घरं हादरतात त्यांनी हे ध्यानात ठेवावं. ते वाक्य गुडघ्याच्या एक्स-रेवरच्या ‘झीज’ या शब्दाइतकंच सर्वसाधारण आहे.

त्यात आपल्याकडं एक वेगळी अडचण आहे. मेंदू लहान की मोठा हे ठरवायला नमुना लागतो, आणि जगभर वापरला जाणारा नमुना कॅनडातल्या माँट्रिअलच्या संस्थेनं तिकडच्या लोकांवरून तयार केलेला आहे. हैदराबादच्या ट्रिपल आयटीनं २०१९ मध्ये शंभर भारतीय तरुण-तरुणींच्या एमआरआयवरून भारतीय मेंदूचा नकाशा केला. तेव्हा आपला मेंदू सरासरीनं उंची, रुंदी आणि आकारमान या तिन्हींत पाश्चात्त्य आणि चिनी नमुन्यांपेक्षा थोडा लहान निघाला. यात बुद्धीचा काही संबंध नाही, शरीराच्या ठेवणीचा आहे. पण कॅनडाच्या मापानं कळंबच्या आजीचा मेंदू मोजला तर नसलेला आजार कागदावर येऊ शकतो.

याहून मोठा पेच पुढं आहे. १९०६ साली अलॉइस अल्झायमर यांनी ऑगस्ट डेटर या रुग्ण बाईच्या मृत्यूनंतर तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यात पेशींबाहेर साचलेल्या गुठळ्या आणि पेशींच्या आतले गुंते टिपले. गुठळ्या अ‍ॅमिलॉइड नावाच्या प्रथिनाच्या, गुंते टाऊ नावाच्या प्रथिनाचे. जवळजवळ शंभर वर्षं हे फक्त मृत्यूनंतरच पाहता येत होतं. २००४ मध्ये पिट्सबर्ग आणि स्वीडनमधल्या संशोधकांनी अ‍ॅमिलॉइडला चिकटणारं किरणोत्सारी द्रव्य वापरून जिवंत माणसाच्या पेट स्कॅनमध्ये ते दाखवलं. मोठी झेप होती. पण मग हे स्कॅन ठणठणीत वृद्धांवर केले गेले आणि त्यांतल्याही वीस-तीस टक्क्यांच्या मेंदूत अ‍ॅमिलॉइड सापडलं! अमेरिकेतल्या ६७८ ननांवर डेव्हिड स्नोडन यांनी केलेल्या अभ्यासात तर शंभरी पार केलेली एक सिस्टर शेवटपर्यंत तल्लख होती आणि मृत्यूनंतर तिच्या मेंदूत गुठळ्या-गुंत्यांचा खच निघाला. चित्रात आजार आहे आणि माणसात नाही, असं होतं. अशी माणसं वाचतात कशी, हा प्रश्न आजही या विषयातला सर्वांत रंजक प्रश्न आहे.

उत्तराचा एक धागा जनुकांत आहे. विदर्भाला जनुक म्हणजे काय हे समजावून सांगायची फार गरज नाही, सिकलसेलनं ते घरोघरी शिकवलं आहे. शुक्ला आणि सोळंकी या नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद केली. आज गावोगावच्या शिबिरांत रक्त तपासून कोण वाहक, कोण रुग्ण हे सांगितलं जातं. हिमोग्लोबिनच्या साखळीत एका जागी एक अमिनो आम्ल बदललेलं असतं, एवढंच. आईकडून आणि वडिलांकडून, दोघांकडूनही तो बदल आला तर आजार नक्की.

स्मरणशक्तीच्या बाबतीत ज्या जनुकाचं नाव सर्वाधिक घेतलं जातं त्यातही फरक असाच एकेका अमिनो आम्लाचा आहे. एपीओई हे त्याचं नाव, एकोणिसाव्या गुणसूत्रावर त्याचा मुक्काम. पेशींना चरबी आणि कोलेस्टेरॉल पोचवणारं प्रथिन ते बनवतं. त्याचे तीन प्रकार आढळतात, ई-२, ई-३ आणि ई-४. बहुसंख्य माणसांत ई-३ असतो. ई-४ असलेल्यांच्या मेंदूत अ‍ॅमिलॉइडचा निचरा नीट होत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात अ‍ॅलन रोझेस यांच्या गटानं दाखवलं की ई-४ ची एक प्रत असली तर अल्झायमरचा धोका सुमारे तिपटीनं वाढतो, दोन असल्या तर कितीतरी अधिक. ई-२ उलट रक्षण करतो.

पण इथं सिकलसेलचा धडा जसाच्या तसा लावला की फसगत होते. सिकलसेलमध्ये दोन प्रती म्हणजे आजार. एपीओईमध्ये दोन प्रती असूनही नव्वदीत हिशेब चोख ठेवणारी माणसं आहेत आणि एकही प्रत नसताना अल्झायमर झालेली तर पुष्कळ आहेत. हा आजार अटळपणे आणणारी जनुकंही आहेत, नाही असं नाही. प्रीसेनिलिन-१, प्रीसेनिलिन-२ आणि एपीपी या तिघांतला दोष चाळिशी-पन्नाशीतच विस्मरण आणतो. पण अशी कुटुंबं अल्झायमरच्या एकूण रुग्णांत टक्काभरही भरत नाहीत. कोलंबियात असं एक मोठं कूळ आहे. त्यातल्या एका बाईला प्रीसेनिलिन-१ चा दोष असूनही सत्तरी उलटेपर्यंत काही झालं नाही, तिच्या नात्यातल्या इतरांपेक्षा जवळजवळ तीस वर्षं उशिरा विस्मरण सुरू झालं. तिचं स्कॅन केलं तर अ‍ॅमिलॉइड भरपूर आणि टाऊ अगदी थोडं. २०१९ मध्ये उलगडा झाला की तिच्या एपीओई जनुकाच्या दोन्ही प्रतींत एक दुर्मीळ बदल होता. एका जनुकानं मारलं, दुसऱ्यानं तारलं, आणि ते कसं हे स्कॅननं दाखवलं. जनुकं आणि मेंदूची चित्रं एकत्र वाचावी लागतात, ती अशा कारणांसाठी.

आपल्याकडं ई-४ किती? दिल्लीजवळच्या बल्लभगढमधल्या खेड्यांत आणि अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या एका खोऱ्यात एकाच पद्धतीनं अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००० साली आले. बल्लभगढमध्ये ई-४ चं प्रमाण ७ टक्के, तिकडं ११ टक्के. बल्लभगढला अल्झायमरही खूपच कमी आढळला. मात्र ज्यांच्यात ई-४ होता त्यांना तो दोन्हीकडं सारखाच बाधत होता. या अभ्यासातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट जनुकांची नाही, प्रश्नपत्रिकेची आहे. स्मरणशक्तीच्या पाश्चात्त्य चाचणीत कागदावरची सूचना वाचून डोळे मिटायचे असतात आणि एक वाक्य लिहायचं असतं. निरक्षर माणूस तिथंच नापास. म्हणून बल्लभगढच्या हिंदी चाचणीत ‘माझ्याकडं बघा आणि मी करतो तसं करा’ असं सांगून डोळे मिटून दाखवले गेले. ज्या आजीनं शाळा पाहिली नाही तिची शाळा न तपासता स्मरण तपासायचं, तर एवढी कल्पकता लागते.

मुंबईत २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पासष्टीपुढच्यांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण अडीच टक्क्यांच्या आत होतं. त्यानंतर ‘लासी’ आली. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं चालवलेली वृद्धत्वाची ही देशव्यापी पाहणी. तिच्यातल्या साठीपुढच्या ४,०९६ जणांची स्मरणशक्ती बारकाईनं तपासली गेली, आणि २०२३ मध्ये जाहीर झालेला आकडा निघाला ७.४ टक्के, म्हणजे देशात ८८ लाख माणसं. वीस वर्षांत आजार तिप्पट झाला असं मात्र यातून काढू नये. वयोगट, व्याख्या आणि मोजण्याची पद्धत, तिन्ही बदललं आहे. विचार करायला लावतात ते आतले आकडे. शहरांत ५.३ टक्के, खेड्यांत ८.४. पुरुषांत ५.८, बायकांत ९. जितकं शिक्षण कमी तितकं प्रमाण जास्त.

खेड्यातली जनुकं शहरापेक्षा वेगळी नसतात. बाईची जनुकं तिच्या भावापेक्षा अशी काय निराळी? मग हा फरक कुठून आला? शाळेतून, रक्तदाबातून, न दिसणाऱ्या डोळ्यांतून आणि न ऐकू येणाऱ्या कानांतून. २०२४ च्या लॅन्सेट आयोगानं अशी चौदा कारणं मांडली आणि ती सगळी दूर झाली तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतील असा अंदाज दिला. २०२२ मधल्या एका प्रचंड अभ्यासानं अल्झायमरशी संबंध असलेली जनुकांवरची ७५ ठिकाणं शोधली, पण त्यातले जवळजवळ सगळे लोक युरोपीय वंशाचे. ही तूट भरून काढायला लासीच्या त्याच गटातल्या २,७६२ भारतीयांचे जीनोम वाचले गेले आहेत आणि कर्नाटकातल्या कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूर तालुक्यात खेड्यातल्या दहा हजार लोकांची जनुकं, रक्त, स्मरण आणि एमआरआय वर्षानुवर्षं तपासत राहण्याचा बंगळूरुच्या मेंदू संशोधन केंद्राचा प्रकल्प चालू आहे. असा एक तालुका विदर्भातही हवा. कळंब का नको? २०२४ च्या फेब्रुवारीत वर्ध्याहून रेल्वे इथवर आली, वैद्यकीय महाविद्यालयं यवतमाळला, सावंगीला आणि सेवाग्रामला आहेत.

आणि इथं तपासण्यासारखं पुष्कळ आहे. हैदराबादच्या निम्स रुग्णालयात सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी ६४८ रुग्ण तपासले तेव्हा एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंश सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला, शाळेचं तोंड न पाहिलेल्यांतसुद्धा. सगळीकडच्या अभ्यासांत असंच निघालेलं नाही आणि रुग्णालयात येणारे म्हणजे सगळा समाज नव्हे, हे खरं. पण यवतमाळ जिल्ह्यात घरी कोलामी, गोंडी किंवा गोरमाटी, बाजारात वऱ्हाडी आणि व्यापाऱ्याशी हिंदी बोलणारी निरक्षर म्हातारी शोधायला लांब जावं लागत नाही. तिच्या मेंदूनं आयुष्यभर केलेली ही कसरत एमआरआयमध्ये कशी दिसते, हे मला फार जाणून घ्यावंसं वाटतं.

हिप्पोकॅम्पस फक्त आकसतोच असंही नाही. २०११ मध्ये अमेरिकेत ५५ ते ८० वयाच्या १२० जणांचे दोन गट केले. एक गट आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटं झपझप चालला, दुसऱ्यानं ताण देण्याचे हलके व्यायाम केले. वर्षानंतर चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस २ टक्के वाढला होता, दुसऱ्या गटाचा १.४ टक्के घटला होता. आपल्याकडं शेतात चालण्याला कधी तोटा नव्हता. घात होतो तो सत्तरीला, जेव्हा प्रेमानं ‘आबाजी, आता बसा, आराम करा’ म्हणून त्यांना खाटेवर बसवलं जातं आणि सोबतीला खर्ऱ्याची पुडी उरते. तंबाखू, वाढलेला रक्तदाब आणि साखर मिळून मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब करतात. एमआरआयवर त्याचे पांढरे डाग दिसतात. रक्तदाब कसून ताब्यात ठेवलेल्या गटात विस्मरणाची सुरुवातीची पायरी १९ टक्क्यांनी कमी झाली आणि डागही कमी वाढले, असं अमेरिकेतल्या स्प्रिंट चाचणीत २०१९ मध्ये दिसलं. ज्या गोळीची आठवण राहत नाही ती गोळीच आठवण राखते, असा हा गमतीचा आणि गंभीर प्रकार आहे. ती गोळी घरच्या दुसऱ्या कुणीतरी हातावर द्यावी.

मग तपासण्या कुणी कराव्यात? घरबसल्या थुंकी पाठवून एपीओई तपासून देणाऱ्या जाहिराती आता आपल्याही मोबाइलवर येतात. माझं मत स्पष्ट आहे, करू नये. आलेल्या उत्तरानं रोजच्या उपचारात काही बदलत नाही, झोप तेवढी उडते. डीएनएच्या रचनेचे सहसंशोधक जेम्स वॉटसन यांचा संपूर्ण जीनोम २००७ मध्ये वाचला गेला तेव्हा त्यांनी सगळं उघड करा म्हटलं, फक्त एपीओईचा भाग झाका म्हणून सांगितलं. अपवाद दोन. घरात पिढ्यान्पिढ्या साठीच्या आत विस्मरण येत असेल तर जनुकसमुपदेशकाला भेटावं. आणि अ‍ॅमिलॉइड काढणारी लेकानेमॅबसारखी नवी औषधं द्यायची असतील तर आधी ही तपासणी लागते, कारण ई-४ च्या दोन प्रती असणाऱ्यांत त्या औषधांनी मेंदूला सूज येण्याचा किंवा रक्तस्राव होण्याचा धोका जास्त असतो.

स्कॅनचं तसं नाही. विस्मरण सुरू झालेल्या माणसाचा एक स्कॅन व्हायलाच हवा, पण अल्झायमर सापडावा म्हणून नव्हे, बरं होणारं दुसरं काही निसटू नये म्हणून. महिन्याभरापूर्वी न्हाणीत पडून डोक्याला मार लागला आणि कवटीखाली हळूहळू रक्त साचलं, तर माणूस गोंधळतो, विसरतो, झोपाळतो. हे रक्त काढता येतं. मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी तुंबलं तर चाल बिघडते, लघवीवर ताबा राहत नाही आणि स्मरण जातं. त्यावरही शस्त्रक्रिया आहे. दोन्हींसाठी पहिल्यांदा साधा सीटी स्कॅन पुरतो. त्याच्याही आधी रक्तातलं बी-१२, थायरॉइड आणि साखर बघावी, झोपेच्या गोळ्या चालू आहेत का ते विचारावं आणि उदासपणाची चौकशी करावी. बायको गेल्यावर बोलेनासा झालेला म्हातारा विसरतो ते पुष्कळदा दुःखानं, आणि त्यावर औषध आहे.

नाव पटकन आठवलं नाही आणि तासाभरानं आपोआप आठवलं, तर ते वय. तोच प्रश्न दहा मिनिटांत पुन्हा पुन्हा येऊ लागला, रोजच्या वाटेवर चुकायला झालं, पैशांचा हिशेब जुळेनासा झाला, तर तो आजार असू शकतो. अशा वेळी ‘म्हातारा चळला’ म्हणून सोडून देऊ नका. आधी कळंबच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा. जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं, चष्मा आणि असली तर कानाची मशीन बरोबर न्या. विस्मरण कधीपासून आणि कशात, हे रोज सोबत राहणाऱ्या माणसानं सांगावं. रुग्णालय लांब असेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. फोन फुकट लागतो, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.